पाळीपूर्वीची खा-खा आणि वजनाचा काटा

गर्भवती स्त्रीच्या खाण्याच्या इच्छेसाठी मराठीत 'डोहाळे' असा खास शब्द आहे. ते पुरवणे हे घरातील सर्वांचे कर्तव्य मानले जाते आणि त्यासाठी डोहाळजेवणाचा समारंभही होतो. मात्र हीच स्त्री दर महिन्याला, पाळी येण्याच्या सात-आठ दिवस आधी, गोड किंवा चमचमीत खाण्याच्या अशाच अनावर इच्छेला तोंड देत असते, तेव्हा तिच्या वाट्याला 'खा-खा', 'वखवख' किंवा 'जिभेचे चोचले' एवढेच शब्द येतात. वजन कमी करण्याच्या प्रयत्नात असलेल्या महिलांसाठी हा आठवडा सर्वांत कठीण असतो. तीन आठवडे मोजूनमापून खाल्ल्यानंतर चौथ्या आठवड्यात फरसाणाचा डबा रिकामा होतो. त्यातच वजनाचा काटा अर्धा किलो वर सरकलेला दिसतो आणि 'आपल्याच्याने हे होणे नाही' असे म्हणत अनेकजणी आहारनियंत्रणाचा नाद सोडून देतात.

वास्तविक त्या आठवड्यात काट्यावर दिसणारी वाढ बहुतांशी पाण्याची असते. जादा खाल्लेल्या अन्नाचा हिशेबही समजला जातो त्यापेक्षा पुष्कळच लहान असतो. खरे नुकसान होते ते प्रयत्न अर्धवट सोडल्याने किंवा त्या आठवड्याची भरपाई म्हणून पुढे केलेल्या उपासमारीने. यापैकी दुसरा मार्ग महाराष्ट्रातील महिलांना विशेष महागात पडणारा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील २३ टक्क्यांहून अधिक महिला अतिवजनी किंवा स्थूल आहेत. त्याच वेळी याच वयोगटातील ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. वजन जास्त आणि रक्त कमी, अशी स्थिती एकाच घरात, किंबहुना एकाच शरीरात आढळते. अशा वेळी सरसकट 'कमी खा' हा सल्ला अपुराच नव्हे, तर घातकही ठरू शकतो.

शरीरात काय घडते?

मासिक चक्र २८ दिवसांचे असते असे म्हटले जात असले, तरी २१ ते ३५ दिवसांपर्यंतचे चक्र प्रौढ स्त्रीत स्वाभाविक मानले जाते. बीजकोषातून स्त्रीबीज बाहेर पडले की चक्राचा उत्तरार्ध सुरू होतो आणि तो साधारण दोन आठवडे चालतो. या काळात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, शरीराचे विश्रांतीच्या अवस्थेतील तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढते. गर्भधारणा झाली नाही तर शेवटच्या काही दिवसांत प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही दोन्ही संप्रेरके झपाट्याने उतरतात आणि पाळी येते. यांपैकी इस्ट्रोजेन हे भूक आवरणारे संप्रेरक आहे. स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या सुमारास ते सर्वाधिक असते, म्हणून त्या दिवसांत भूक सर्वांत कमी लागते. उत्तरार्धात पारडे दुसऱ्या बाजूला झुकते.

किती झुकते, याचे उत्तर अनेक पाहण्यांचा एकत्रित विचार करून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात मिळते. चक्राच्या पूर्वार्धापेक्षा उत्तरार्धात महिला दिवसाला सरासरी १६८ उष्मांक, म्हणजेच कॅलरी, अधिक घेतात असे त्यात आढळले. मूठभर, ३० ग्रॅमच्या आसपास, भाजलेल्या शेंगदाण्यांतून एवढेच उष्मांक मिळतात. ही अर्थातच सरासरी आहे. काहींच्या आहारात फरकच पडत नाही, तर काहींचा आहार याच्या दुप्पट-तिप्पट वाढतो. तरीही सरासरीचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. दोन आठवडे दररोज १६८ याप्रमाणे एकूण सुमारे २,३५० उष्मांक होतात. एक किलो चरबीचे सुमारे ७,७०० उष्मांक धरले, तर ही वाढ ३०० ग्रॅमच्या घरात जाते, आणि पूर्वार्धातील कमी भुकेमुळे त्यातील बराचसा भाग आपोआप फिटतो.

या काळात शरीर अधिक उष्मांक जाळते, त्यामुळे जास्त खाल्ले तरी चालते, असेही सांगितले जाते. त्यात थोडे तथ्य असले तरी ही वाढ फार लहान आहे आणि काही पाहण्यांत ती आढळलेलीही नाही. तिच्या भरवशावर वडापाव खाण्यात अर्थ नाही.

चॉकलेटच का?

भूक वाढते हे खरे. पण भूक लागली की पोळीभाजी आठवायला हवी, त्याऐवजी नेमके गोडच का आठवते? याचे एक उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील रिचर्ड आणि ज्युडिथ वुर्टमन या संशोधक दाम्पत्याने १९८० च्या दशकात दिले. पिष्टमय पदार्थ खाल्ल्यावर मेंदूत मन शांत ठेवणारे सिरोटोनिन अधिक तयार होते, म्हणून उदास मन पिठूळ आणि गोड पदार्थांकडे धावते, असे त्यांचे म्हणणे होते. ही उपपत्ती लोकप्रिय झाली, परंतु ती वादातीत नाही. जेवणात थोडीशी प्रथिने असली तरी हा परिणाम पुसला जातो आणि चॉकलेटमध्ये, पेढ्यात किंवा बेसनाच्या लाडवात प्रथिने असतातच.

चॉकलेटवर झालेले संशोधन त्याहून रंजक आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी चॉकलेटची इच्छा झालेल्या व्यक्तींना कोकोतील सर्व रासायनिक घटक असलेल्या कॅप्सूल दिल्या. त्याने इच्छा शमली नाही. ज्यात कोकोचा तो भाग नसतोच अशा पांढऱ्या चॉकलेटने मात्र ती काही अंशी शमली. हा प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९९९ मध्ये महिलांना पाळीपूर्वी प्रोजेस्टेरॉन देऊन पाहण्यात आले, त्यानेही इच्छा घटली नाही. रजोनिवृत्तीनंतर, म्हणजे पाळीच बंद झाल्यावर, ही इच्छा जवळपास नाहीशी व्हायला हवी होती. पण २००९ मधील पाहणीत ती थोडीच कमी झालेली दिसली. सर्वांत बोलकी आकडेवारी २०१७ मधील आहे. अमेरिकेतच जन्मलेल्या आई-वडिलांच्या मुलींपैकी सुमारे ३३ टक्के महिलांनी पाळीच्या सुमारास चॉकलेटची तीव्र इच्छा होत असल्याचे सांगितले, तर परदेशात जन्मून अमेरिकेत आलेल्या महिलांत हे प्रमाण १७ टक्के होते. स्थलांतरितांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलींमध्ये मात्र ते ४० टक्क्यांच्या पुढे गेले.

संप्रेरके एका पिढीत बदलत नाहीत, बदलतो तो भोवताल. चॉकलेटच्या जाहिराती करणाऱ्यांना हा निष्कर्ष रुचणारा नसला, तरी वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रीसाठी तो दिलासा देणारा आहे. भूक, चिडचिड, थकवा यांमागे शरीरातील बदल आहेत आणि ते खरे आहेत. पण त्या अवस्थेत हात कोणत्या डब्याकडे जावा, हे बव्हंशी सवयीने ठरते. ज्या घरात चॉकलेटची सवय नाही, तेथे हीच ओढ शेव, पाणीपुरी, लोणचे किंवा श्रीखंडाची असू शकते. शिवाय एरवी स्वतःवर घातलेली बंदी ही इच्छा वाढवते, हेही लक्षात घ्यावे लागते. महिनाभर 'गोड बंद' म्हणणाऱ्या स्त्रीला गोडाची आठवण अधिक तीव्रतेने होते आणि एक तुकडा तोंडात गेला की 'आता मोडलेच आहे' म्हणून पूर्ण बॉक्स संपतो.

काट्यावरचे पाणी

पाळीपूर्वी अंगठी घट्ट होणे, चपलेचा पट्टा रुतणे, पोट जड वाटणे हे अनुभव बहुतेक स्त्रियांच्या ओळखीचे आहेत. शरीरात पाणी साठल्याची ती लक्षणे होत. कॅनडात ६२ महिलांनी वर्षभर ठेवलेल्या दैनंदिन नोंदींवर आधारित एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणी साठल्याची जाणीव पाळीच्या पहिल्या दिवशी सर्वाधिक असते आणि नंतर ओसरते, असे त्यातून दिसले. २०२३ मधील दुसऱ्या एका अभ्यासात पाळीच्या दिवसांतील वजन सरासरी ४५० ग्रॅमने अधिक भरले आणि ही वाढ पेशींबाहेरील पाण्यामुळे होती. काहींच्या बाबतीत हा फरक एक किलोपर्यंतही जातो.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की जी स्त्री महिन्याला एक किलो या योग्य गतीने बारीक होत आहे, तिची सारी कमाई पाळीच्या सुमारास काट्यावर झाकली जाते. रोज सकाळी वजन पाहणारी स्त्री या टप्प्यावर हमखास खचते. यावर उपाय सोपा आहे. वजनाची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या चक्रातील त्याच दिवसाशी करावी. पाळी सुरू झाल्यापासून सहावा-सातवा दिवस त्यासाठी सोयीचा. सकाळी, पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवावे. जोडीला कमरेचा घेर टेपने मोजावा. एरवीच्या दिवसांत काटा पलंगाखाली राहिला तरी काही बिघडत नाही. जिममध्ये किंवा डाएटच्या वर्गात दर सोमवारी वजन करण्याची प्रथा असते. तेथेही महिलांनी हा मुद्दा संकोच न करता मांडायला हवा. प्रशिक्षक पुरुष असला तरीही.

ताटात काय असावे?

सर्वप्रथम, पाळीच्या आधीच्या आठवड्यात नवे डाएट सुरू करू नये. सुरुवात पाळी संपल्यावर करावी, कारण तेव्हा भूक आवरणे सर्वांत सोपे असते. आहार आधीपासूनच चालू असेल, तर त्या सात-आठ दिवसांसाठी रोजच्या आहारात १५० ते २०० उष्मांकांची वाढ आधीच धरून ठेवावी. ठरवून खाल्लेले मूठभर शेंगदाणे आणि पराभूत मनाने रिकामा केलेला चिवड्याचा डबा यांत उष्मांकांचा फरक मोठा असतो.

डेन्मार्कमध्ये या विचारावर एक चाचणीही झाली. मासिक चक्रानुसार आहार आणि व्यायाम बदलत जाणारा, पाळीपूर्वी थोड्या डार्क चॉकलेटलाही मुभा देणारा सहा महिन्यांचा कार्यक्रम ६० अतिवजनी महिलांवर अजमावण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. जवळपास निम्म्या महिला मध्येच गळाल्या. कार्यक्रम नेटाने पाळणाऱ्या मोजक्या महिलांचे वजन मात्र नेहमीच्या आहारातील महिलांपेक्षा सुमारे चार किलोंनी अधिक उतरले. एवढ्या लहान गटावरून ठाम विधान करता येत नाही; दिशा मात्र समजते.

त्या आठवड्यात दोन जेवणांतील अंतर वाढू देऊ नये. अडचण सहसा संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान येते. दुपारचा डबा एक वाजता संपलेला असतो, कार्यालयात चहाबरोबर बिस्किटे फिरतात आणि घरी परतताना स्टेशनबाहेर वडे तळले जात असतात. या वेळेसाठी पर्समध्ये काहीतरी असणे हा अर्धा विजय होय. उकडलेले शेंगदाणे, भाजलेले हरभरे, कमी तेलातील भडंग, एखादे फळ, ताकाची बाटली यांपैकी काहीही चालेल. सकाळी नुसत्या चहा-बिस्किटांवर बाहेर पडण्याऐवजी मटकीची उसळ, अंडे किंवा दह्याबरोबर थालीपीठ खाल्ले, तर संध्याकाळची ओढ सौम्य होते. प्रथिने आणि चोथा असलेले अन्न पोटात अधिक वेळ टिकते, एवढेच त्यामागील साधे कारण आहे.

गोड खावेसे वाटले तर ते जेवणानंतर, वाटीत काढून, बसून खावे. डब्यातून उभ्याने खाल्लेल्याचा हिशेब राहत नाही. 'साखर नको, गूळ चालेल' हा मात्र गैरसमज आहे. गूळ आणि साखर यांच्या उष्मांकांत नाममात्र फरक असतो. खजुराचे लाडू, राजगिऱ्याची वडी, चिक्की यांत पोषण थोडे अधिक, पण उष्मांक कमी नाहीत. चिक्कीची ३० ग्रॅमची वडी १५० उष्मांकांच्या आसपास जाते. ती खावी, पण एकच.

खारट पदार्थांचे गणित वेगळे. पापड, लोणचे, फरसाण, वेफर्स आणि झटपट नूडल्समधील मीठ शरीरात पाणी धरून ठेवते आणि आधीच आलेली सूज वाढवते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाचे मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, जास्त नसावे.

कॅल्शियमकडे अधिक लक्ष द्यायला हवे. अमेरिकेत ४६६ महिलांवर झालेली आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी या विषयात वारंवार उद्धृत केली जाते. रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या महिलांची पाळीपूर्व लक्षणे, त्यात खाण्याची तीव्र इच्छाही आली, तिसऱ्या चक्रापर्यंत ४८ टक्क्यांनी घटली. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ही घट ३० टक्के होती. विश्वासाचाही परिणाम होतो, हे त्यातून दिसतेच. भारतीय प्रौढ महिलांना दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे अशी शिफारस आहे. गोळीकडे वळण्यापूर्वी नाचणीची भाकरी किंवा आंबील, दही-ताक, तिळाची चटणी, राजगिऱ्याची पालेभाजी हे पदार्थ ताटात आणावेत. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. रक्तक्षयाचा विचार करता हरभरा, हळीव, पालेभाज्यांवर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. चहामुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही.

उपवासाचा प्रश्न नाजूक आहे. चतुर्थी किंवा एकादशी नेमकी त्या आठवड्यात आली, तर दिवसभर पोटात साबुदाणा, बटाटा आणि चहा जातो व रात्री उपवास सुटताच सगळी भूक एकदम उसळते. श्रद्धेने उपवास करायचा असेल, तर भगर, शेंगदाण्याची आमटी, दही, फळे आणि राजगिरा यांवर तो अधिक सुखाने पार पडतो. वजन घटावे म्हणून धरलेला उपवास या दिवसांत टाळलेलाच बरा.

याशिवाय एक गोष्ट आहारतक्त्यात लिहिलेली नसते. बहुतेक घरांत स्वयंपाक करणारी स्त्री शेवटी जेवते आणि पातेल्यात उरलेले वाया जाऊ नये म्हणून तेही संपवते. फरसाण, केक, कोल्ड्रिंक घरात आणणारे हात मात्र अनेकदा दुसऱ्यांचे असतात. सात दिवस हे डबे घरात नसतील, तर कोणाचेही फारसे बिघडणार नाही. मागणी साधी आहे, पण 'माझी पाळी जवळ आली आहे' हे वाक्य घरात मोठ्याने उच्चारण्याची सोय अजून अनेक घरांत नाही.

व्यायामाबाबत टोकाचे काही करण्याची गरज नाही. ब्रिटनमधील एक्झिटर विद्यापीठातील प्रयोगात १५ मिनिटे भरभर चालल्याने चॉकलेटची इच्छा कमी झाल्याचे आढळले. संध्याकाळी एक बसथांबा आधी उतरणे शहरात राहणाऱ्या स्त्रीला जमण्यासारखे आहे. झोपेचेही तसेच. जागरण झाले की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, आणि पाळीपूर्वी झोप मुळातच बिघडलेली असते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पाळीपूर्व त्रासाला 'प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम' हे नाव १९५३ मध्ये रेमंड ग्रीन आणि कॅथरिना डाल्टन या ब्रिटिश डॉक्टरांनी दिले. त्याच्या तीव्र स्वरूपाला अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०१३ मधील निदान-पुस्तिकेत स्वतंत्र आजाराचे स्थान मिळाले. भुकेतील ठळक बदल किंवा विशिष्ट पदार्थांची अनावर इच्छा हे त्याच्या लक्षणांपैकी एक आहे. दर महिन्याला याच दिवसांत खोल नैराश्य येत असेल, घरातील नाती किंवा नोकरी त्यामुळे अडचणीत येत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाचा वा मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. निदानासाठी किमान दोन चक्रांची रोजची नोंद लागते. आठवून सांगितलेल्या माहितीवर विसंबता येत नाही, म्हणून वही घेऊनच जावे. या त्रासावर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. ब-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र मनाने, मोठ्या मात्रेत घेऊ नयेत. त्यांच्या अतिरेकाने मज्जातंतूंना इजा होते.

इच्छा खाद्यपदार्थांची नसून माती, खडू, कच्चे तांदूळ किंवा बर्फ यांची असेल, तर तो लोहाच्या कमतरतेचा इशारा असू शकतो आणि रक्ततपासणी करून घ्यायला हवी. मधुमेह असलेल्या काही महिलांची साखर पाळीपूर्वी वाढते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ही बाब डॉक्टरांच्या कानावर घालावी. पाळी अनियमित असलेल्या महिलांना पाळीपूर्वीचा आठवडा कोणता हेच कळत नाही. त्यांच्या बाबतीत बीजकोषाचे विकार व थायरॉइडची तपासणी आधी, आहारतक्ता नंतर.

वजन घटवणारी सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही इंजेक्शने २०२५ पासून त्यासाठी भारतातही विकली जात असून ती भूक मंदावतात. महिन्यातील आठ दिवसांच्या खा-खासाठी ती नाहीत. गर्भधारणेचा विचार असणाऱ्यांनी ती आधीच थांबवावी लागतात. टिर्झेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी होऊ शकतो, हे ती घेणाऱ्या प्रत्येक तरुण स्त्रीला ठाऊक असायला हवे.

ताबा सुटल्यासारखे लपून भरमसाट खाणे, त्यानंतर उलटी काढणे किंवा जुलाबाची औषधे घेणे हा आजार आहे. तो पाळीपूर्वी उफाळतो, परंतु तेवढ्यापुरता नसतो. त्यासाठी आहारतज्ज्ञाबरोबर मानसोपचाराचीही गरज लागते. दुसरीकडे, कडक डाएट आणि भरपूर व्यायाम यांमुळे पाळीपूर्वीची भूक, सूज, चिडचिड सगळेच नाहीसे झाले आणि पाळीही आली नाही, तर ते यश समजू नये. गर्भधारणा नसताना सलग तीन महिने पाळी चुकली, तर हाडांवर त्याचा परिणाम होऊ लागण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.